खिडकीतल्या कुंड्यांना कीड लागली तर काय काय करायचं

जास्वंदीच्या शेंड्यावर पिंजलेल्या कापसासारखं काही दिसलं, की शेजारपाजारून पहिला प्रश्न येतो, "यावर काय मारू?" माझं उत्तर दर वेळी लांबतं, कारण काय मारायचं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. कीड कोणती ते ओळखणं आणि आज केलेला उपाय सातव्या दिवशी पुन्हा करणं, या दोन कामांवर झाड जगतं. पहिल्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसतं, आपण निर्धास्त होतो, आणि अंड्यांतून निघालेली नवी पिल्लं तेवढ्या अवधीत झाडाचा फडशा पाडतात.

मी मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहते. पूर्वेकडच्या खिडकीला बॉक्स ग्रिल आहे आणि त्यात बावीस कुंड्या. जास्वंद, तुळस, कढीपत्ता, मोगरा, मिरची, मनीप्लँट, एक अरेका पाम. मुंबईतल्या हजारो खिडक्यांत थोड्याफार फरकाने हीच झाडं असतील. म्हणून जे इथे चालतं तेच लिहिते आहे.

आधी पान उलटा

आठवड्यातून एक दिवस ठरवा. मी रविवारी सकाळचा चहा खिडकीपाशीच घेते. प्रत्येक झाडाची दोन-तीन पानं उलटायची, मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि चार ठिकाणी बघायचं: पानाची मागची बाजू, पान खोडाला जिथे चिकटतं ते बेचकं, कोवळा शेंडा आणि कळीचा देठ. कुंडी उचलता येत असेल तर तिच्या तळाची भोकंही पाहा. कीड डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाईलने जवळून फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. वेगळं भिंग घ्यायची गरज पडत नाही.

किडीआधी तिच्या खुणा दिसतात. पान बोटाला चिकट लागतं. खालच्या पानांवर किंवा ग्रिलच्या पत्र्यावर काजळीसारखा काळा थर येतो. झाडाचा रस शोषणारे किडे साखरेचं चिकट पाणी बाहेर टाकतात आणि त्यावर ही काळी बुरशी वाढते. बुरशीनाशक मारून ती जात नाही. रस शोषणारा किडा गेला की ती थांबते, आणि साचलेली काजळी ओल्या फडक्याने पुसून निघते.

खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली तर ती अगदी नीट पाहा. त्या चिकट गोडासाठी मुंग्या मावा आणि पिठ्या ढेकणाची राखण करतात, त्यांना खाणारे किडे हाकलून लावतात. मुंग्या असेपर्यंत कितीही फवारलं तरी कीड परत येते. कुंडीच्या स्टँडच्या पायांना किंवा जाड खोडावर चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा बोटभर रुंद पट्टा ओढा. थेट खोडाच्या सालीला जेली लावू नका. काही जण स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. मुंबईत मी ते सुचवत नाही. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात, आणि पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरी येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात, ते याचसाठी. ताटलीतलं पाणी रोज ओतून द्यायचं, हा नियम कीड असो वा नसो.

कोण आलंय?

पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग, हा मुंबईतल्या जास्वंदीचा पहिल्या नंबरचा शत्रू. पांढरा, मऊ, पिठात घोळलेला तांदळाचा दाणा असावा तसा. तो शेंड्याच्या घड्यांत आणि बेचक्यात गर्दीने बसतो. शेंडा आखडतो, पानं चुरगळल्यासारखी होतात, कळ्या उमलण्याआधी गळतात. ऐन भाद्रपदात बाप्पासाठी एक फूल मिळत नाही, तेव्हा बहुतेकांना तो पहिल्यांदा दिसतो. मात्र तो तिथे दोन महिने आधीपासून असतो. एकेका कापसाळ पिशवीत शेकडो अंडी असतात, आठवडा-दहा दिवसांत ती फुटतात आणि साधारण महिन्याभरात नवी मादी तयार होते. अंगावरच्या मेणामुळे पाणी त्याच्यावरून घरंगळून जातं, म्हणून नुसतं पाणी शिंपडून तो जात नाही. अंड्यांच्या पिशवीत तर कोणतंही औषध नीट शिरत नाही. सात दिवसांनी पुन्हा फवारायचं ते यासाठी.

मावा म्हणजे हिरवे, पिवळे किंवा काळे, टाचणीच्या डोक्याएवढे मऊ किडे. मिरचीच्या आणि शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यावर ते खच्चून बसलेले असतात. ढगाळ, थोड्या गार हवेत, म्हणजे आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत ते जास्त दिसतात. यांची मादी नराशिवाय थेट पिल्लांनाच जन्म देते, त्यामुळे चार दिवसांत चारांचे चाळीस होतात. पण हटवायला सगळ्यात सोपी कीड हीच. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा पडतो आणि पडलेला बहुतेक परत चढत नाही.

झाड हलवल्यावर पांढरा धुरळा उडाला तर ती पांढरी माशी. नारळाच्या झाडाला लागून घर असेल तर खिडकीतून नारळाच्या झावळीची खालची बाजू पाहा. तिथे पांढरी गोल गोल वळणं दिसली तर ती वेगळ्या जातीची पांढरी माशी आहे. भारतात ती २०१६ मध्ये पहिल्यांदा तामिळनाडूत पोल्लाचीच्या नारळांवर आढळली. झावळीवरचा चिकट स्राव खालच्या कुंड्यांवर ठिबकतो, आणि आपण मात्र आपल्याच झाडात कीड शोधत बसतो. अशा वेळी आपली पानं पुसत राहायची. उंच नारळावर आपल्याला काही करता येत नाही.

लाल कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि तो ठिपक्याएवढा असतो. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके पडतात, पान निस्तेज, राखट होतं आणि पुढे बारीक जाळी दिसते. पांढरा कागद खाली धरून पान टिचकीने झटका. कागदावरचे ठिपके चालू लागले तर कोळी आहे. एसीच्या कोरड्या खोलीतल्या अरेका पामवर, आणि ऑक्टोबर हीटमध्ये किंवा एप्रिल-मेमध्ये रस्त्याची आणि बांधकामाची धूळ बसलेल्या झाडांवर तो हमखास येतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. फुलकिडे मिरचीची पानं वर वळवतात आणि गुलाबाच्या कळीच्या पाकळ्यांना तपकिरी कडा आणतात. खवले कीड म्हणजे खोडाला चिकटलेले तपकिरी टणक खवले. नखाने खरवडल्यावर निघाले तर कीड समजा. निघाले नाहीत तर ती झाडाची साल असते. लिंबाच्या पानात वेडीवाकडी चंदेरी रेघ दिसली तर ती नागअळी. ती पानाच्या आत असते, म्हणून वरून फवारून उपयोग नाही, ते पान तोडायचं.

त्याच दिवशी करायची कामं

कीड दिसली की औषधाआधी तीन गोष्टी करा, याच क्रमाने.

झाड बाजूला काढा. ग्रिलमध्ये कुंड्या एकमेकींना खेटून असतात आणि मिलीबगची पिल्लं एका पानावरून शेजारच्या पानावर चालत जातात. जागा नसेल तर निदान पानं पानांना लागणार नाहीत एवढं अंतर ठेवा.

मग छाटणी. खूप भरलेला शेंडा वाचवत बसू नका. जास्वंद छाटणीला घाबरत नाही, तिसरा हिस्सा कापला तरी ती नव्या जोमाने फुटते. कापलेले तुकडे खिडकीतून खाली टाकू नका आणि कंपोस्टच्या डब्यातही घालू नका. साबणाच्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवून मग ओल्या कचऱ्यात द्या. कात्री स्पिरिटने पुसा.

तिसरं काम आंघोळ. कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, म्हणजे माती सांडणार नाही. झाड न्हाणीघरात न्या, आडवं धरा आणि टॉयलेटजवळचा जेट स्प्रे पानांच्या मागच्या बाजूला मारा. इतकं नेमकं आणि जोराचं हत्यार नर्सरीतही विकत मिळत नाही. मावा आणि कोळी निम्म्याहून जास्त इथेच संपतो. खिडकीतच धुतलं तर खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ते पाणी पडतं आणि भांडण होतं, म्हणूनही न्हाणीघर बरं.

मिलीबग आणि खवले कीड पाण्याने जात नाहीत. त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानातून सर्जिकल स्पिरिट आणा, कानाच्या काडीचा कापूस त्यात बुडवा आणि एकेका किड्याला टेकवा. मेण विरघळतं, किडा तपकिरी होतो. कंटाळवाणं काम आहे, पण दहा-बारा किडे असताना याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. फर्नवर आणि अगदी कोवळ्या पानांवर स्पिरिट लावू नका. हे काम ऊन नसताना करा, आणि तुळशीपाशी दिवा लावत असाल तर स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा. ते पटकन पेट घेतं.

फवारणी

एक लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा भांडी घासायचा सौम्य लिक्विड साबण मिसळा. त्यात एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, कडुनिंबाचं तेल टाका आणि बाटली दुधाळ रंग येईपर्यंत हलवा. साबणाशिवाय तेल पाण्यावर तरंगतं, मग पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी येतं आणि शेवटच्या फवाऱ्यात नुसतं तेल येऊन पानं भाजतात. फवारतानाही मधे मधे बाटली हलवा. कपड्यांची साबण पावडर वापरू नका, तिच्यातला सोडा पानं करपवतो. तयार मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. निंबोळीतलं किडीवर काम करणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, पाण्यात आणि उन्हात लवकर निकामी होतं. नर्सरीतून तयार निंबोळी अर्क आणला असेल तर माझं प्रमाण विसरा आणि लेबलवरचं पाळा, कारण तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते.

आधी एका पानावर फवारून एक दिवस थांबा. पान ठीक राहिलं तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर पूर्ण झाडावर फवारा, आणि मुख्यतः पानांच्या मागे. पहिल्या वर्षी मी मे महिन्यात दुपारी दोन वाजता मोगऱ्यावर निंबोळी तेल मारलं होतं. दोन दिवसांत अर्धी पानं तपकिरी होऊन गळली. कीड तर राहिलीच. तेव्हापासून संध्याकाळी सहाच्या आधी मी बाटली हातात घेत नाही. पावसाळ्यात फवारल्यावर पाऊस आला तर सगळं वाहून जातं, म्हणून त्या दिवसांत झाड आत घेऊन फवारा आणि रात्रभर आतच ठेवा.

कडुनिंब किड्याला जागच्या जागी मारत नाही. त्याने किडा खाणं कमी करतो, त्याची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडते. म्हणून दुसऱ्या दिवशी किडे हलताना दिसले तर औषध वाया गेलं असं समजून दुप्पट प्रमाण करू नका. कॅलेंडरवर खूण करा: आज, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी, एकविसाव्या दिवशी. चार वेळा. लाल कोळ्यासाठी अंतर कमी ठेवा, तीन-चार दिवसांनी आंघोळ आणि आठवड्याने फवारणी, कारण कडक उन्हाळ्यात त्याची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते. कोळ्यावर गंधकही चालतं, पण तेल मारल्यावर तीन आठवडे गंधक मारायचं नाही, आणि ३२ अंशांच्या वर तापमान असताना तर मुळीच नाही. मुंबईच्या उन्हाळ्यात हे जमणं कठीण, म्हणून मी नवख्यांना गंधकाकडे पाठवत नाही.

हे घरात नको

तंबाखूचं पाणी फवारा असा सल्ला हमखास मिळतो. निकोटीन माणसालाही विषारी आहे, ते त्वचेतूनही शरीरात जातं. शिवाय तंबाखूतला विषाणू मिरची-टोमॅटोच्या रोपांना रोग लावू शकतो. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर विषयच सोडा.

नर्सरीत कधी कधी कोऱ्या बाटलीत ओतून दिलेलं 'किडीचं औषध' मिळतं. लेबल नसेल तर घेऊ नका. कीटकनाशकाच्या वेष्टणावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचं काहीही बंद खोलीच्या फ्लॅटमध्ये आणायचं नाही. पूर्वी घरोघरी वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केलं आहे. माळ्यावर जुनी बाटली असेल तर ती वापरू नका. झाडात मुरणाऱ्या इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधांनी मिलीबग जातो हे खरं, पण ते औषध फुलातल्या मधातही उतरतं. माझ्या जास्वंदीवर रोज सकाळी शिंजीर येतो, तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या असतात. त्यांच्या पोटात ते जावं असं मला वाटत नाही.

तुळस, कढीपत्ता आणि जे जे तोंडात जातं

तुळशीची पानं वळलेली आणि मागे काळ्या ठिपक्यांची दिसली तर तिथे जाळीदार पंखांचा इवलासा ढेकूण असतो. मंजिऱ्या खुडा, वळलेले शेंडे कापा, जेटने धुवा. बहुतेकदा तेवढं पुरतं. फवारलंच तर निंबोळीच, आणि आठवडाभर ती पानं चहात किंवा नैवेद्यावर घालू नका. मिरची-कढीपत्त्यालाही हाच नियम.

कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. त्यांच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाली की हिरवीगार होणारी अळी लिंबाच्या फुलपाखराची असते. ती चार दिवसांत फांदी बोडकी करते. औषध नको, हाताने उचला. इमारतीच्या आवारात लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं झाड असेल तर तिथे सोडा. माझा कढीपत्ता आता मोठा झाला आहे, म्हणून एक-दोन अळ्या मी राहू देते.

मातीतले चिलटे

जुलैत घरातल्या कुंड्यांभोवती काळी चिलटं घिरट्या घालू लागली, की दोष पाणी घालणाऱ्या हाताचा असतो. सतत ओल्या कोकोपीटमध्ये त्यांच्या अळ्या वाढतात. वरची दोन बोटं माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. पावसाळ्यात आतल्या मनीप्लँटला आठवड्यातून एकदाही पाणी पुरतं. मूठभर निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळा आणि कुंडीत पिवळा चिकट कागद खोचा, उडणारी चिलटं त्यावर अडकतात. तीन-चार आठवडे लागतील. फवारणीने यात काही साधत नाही.

झाड कारणाशिवाय सुकत असेल, पानांवर काही सापडत नसेल, तर ते कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवर पांढरी पूड दिसली तर मुळातला मिलीबग आहे. सगळी माती झटकून मुळं धुवा, जुनी माती टाकून द्या, कुंडी गरम पाण्याने आणि साबणाने घासा.

मारू नये असे पाहुणे

मिलीबगच्या घोळक्यात एखादा मोठा, पांढऱ्या झिरमिळ्यांचा आणि भराभर चालणारा किडा दिसला तर थांबा. मिलीबग सुस्त असतो. हा चपळ प्राणी क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी असू शकतो, आणि ती मिलीबगच खाते. हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातला. कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो १८९८ मध्ये भारतात आणला गेला आणि इथेच रुळला. लाल-काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे मावा खातात. असे पाहुणे दिसले की मी त्या झाडावर फवारणी थांबवते आणि फक्त मुंग्यांचा बंदोबस्त करते.

नवं झाड आणताना

बहुतेक मिलीबग वाऱ्याने येत नाहीत, आपणच पिशवीतून आणतो. रस्त्यावरच्या नर्सरीतून किंवा राणीच्या बागेतल्या प्रदर्शनातून झाड घेताना फुलं मोजू नका, पानं उलटून पाहा. घरी आणल्यावर दोन आठवडे ते वेगळ्या खिडकीत ठेवा, न्हाणीघराची खिडकीही चालेल. युरियासारखं नत्राचं खत कमी घाला. त्याने पालवी लुसलुशीत होते, आणि मावा-मिलीबगला तीच हवी असते.

गणपतीला गावी जाताना

दहा-बारा दिवस घर बंद असतं, तेवढ्यात मिलीबगची अंडी फुटून नवी पिल्लं बाहेर पडतात. निघण्याच्या आठ दिवस आधी एक फवारणी करा, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दुसरी. संशयास्पद शेंडे कापून टाका. शेजारच्या काकूंकडे चावी देत असाल तर पाणी किती आणि कोणत्या कुंडीला हे कागदावर लिहून द्या, नाहीतर मायेने त्या सगळ्यांनाच रोज घालतात आणि परत येईपर्यंत चिलटं झालेली असतात. आणि परत आल्यावर बॅगा उघडण्याआधी जास्वंदीचे शेंडे पाहा.